मेकअपची खोली, बैरूत

नजवा माणसं कपाळावरून ओळखते.
माजी मंत्र्याचं तेलकट,
लंडनहून आलेल्या अर्थतज्ज्ञाचं कोरडं, भेगाळलेलं;
संपादकाला तर नऊच्या आधीच घाम फुटतो.

आजचा विषय : लिरा अजून किती घसरणार.
पावडरच्या डब्याचं बूड दिसतंय.
ती ब्रश काठावर ठोकते,
पुरवून पुरवून लावते.

भिंतीवरच्या टीव्हीत तिघंही एकदम बोलतायत,
आलेख, लाल बाण, हातवारे.
आवाज बंद ठेवलाय तिने.
तिला बघायचंय फक्त
चमक कुठे परत आली ते.

मध्यंतरात मंत्री खुर्चीत येऊन बसतो.
जनरेटर आचका देतो, दिवे जातात.
अंधारात तो हळूच विचारतो,
"तुम्हाला पगार डॉलरमध्ये देतात का हो?"

नजवा चाचपत ब्रश शोधते.
"डोळे मिटा," म्हणते.