वीतभर

कात्रीला काम नव्हतं तेव्हाची गोष्ट.
हरमलच्या रस्त्यावर मधोमध कुत्री झोपत
आणि माझ्या दुकानात हत्तीछाप विजारींचा ढीग
गोऱ्या पायांची वाट बघत पडलेला.

मागच्या दाराने रुक्मा पेडणेकरीण आली,
पदर नाकापर्यंत, आवाज पदराच्याही आत.
"गुणाजी, कुठं बोलू नको हां.
आमच्या खोलीतल्या म्हातारीचे कागद संपले."
कसले कागद? पासपोर्ट? विमानाचे?
"ते कागद रे," ती म्हणाली
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलायला लागली:
तीन दिवस पेपर चुरगळून, चोळून,
उलगडून, पुन्हा चोळून मऊ केला तिनं.
बोटं काळी झाली, आणखी कुठं काळं झालं देव जाणे.
मग पेपरही यायचा बंद झाला.
"तांब्या दिला मी. हातवारे करून सगळं सांगितलं.
तिनं त्यात जास्वंद ठेवली."

मी हसलो. खोटं कशाला बोलू,
मशीनवर डोकं टेकून हसलो.

कापड निवडताना मात्र हसू सरलं.
टेरिकॉट पाणी पीत नाही.
साटीन सरकतं.
नवा मांजरपाट खळीनं असा ताठ
की गुडघ्यालाही लावू नये.
जुनं हवं, शंभर वेळा धुतलेलं,
अंगाला सरावलेलं.
असं घरात एकच होतं:
बाबांची धोतरं. दोन वर्षं घडीत.
आतल्या खोलीत बाबा लुंगीत, आडवे.

वीतभर लांब, वीतभर रुंद.
चोवीस चौकोन कापले, कडा दुमडून
बारीक टीप मारली, गिऱ्हाइकाला देतात तशी.
दोन झाकणाच्या बादल्या, थोडा सोडा,
भाणात उकळायचं, उन्हात घालायचं;
रुक्मानं सगळं ऐकून घेतलं
लग्नातली देणीघेणी ऐकावीत तसं.

दुसऱ्या दिवशी म्हातारी स्वतः आली.
इल्मे तिचं नाव. बर्फाच्या गावची.
दारातच, सहा हातांवर उभी राहून
तिनं चौकोन मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवला,
जिथे नस निळी दिसते,
आणि माझ्या टिपेवर बोट ठेवून तोंड वाकडं केलं.
टोचते.
चाळीस वर्षं कडा दुमडतोय मी,
कुणी सांगितलं नव्हतं.
तिनं हवेत करवत काढून दाखवली.
दातेरी कात्री! टीपच नको,
सूत सुटणार नाही, वळही उठणार नाही.

त्या रात्री टिपा उसवत बसलो.

बाबांना साफ करायला आरोंद्याहून पुतू यायचा.
किरणपाणीच्या पुलावर बांबू आडवे पडले
तेव्हापासून मीच. म्हणजे काय,
मान फिरवून बादली ओतायची,
हाताला येईल तो फडका,
स्कूटर पुसतो तसा.
कातडी लाल झाली होती. बाबा काही बोलत नसत.
मीही विचारत नसे.

एक चौकोन मनगटावर फिरवला.
मग ओठावर.
मग कोमट पाण्यात बुडवला, पिळला,
आणि पहिल्यांदाच मान न फिरवता
वाकलो.

किती लहान झालेत बाबा.
माझ्या वितीएवढं काहीतरी उरलंय त्यांचं,
असं वाटलं, पण तसं ते नव्हतं,
वजन चांगलं लागलं हाताला.

इल्मे जूनमध्ये गेली.
जाताना उरलेले सोळा चौकोन
धुऊन, घडी घालून, वर त्याच तांब्यासकट
रुक्माकडे ठेवून गेली.
तांब्या रुक्मानं तीनदा घासला.
चौकोन माझ्याकडे पाठवले.

आता परसात दोरी भरलेली असते.
समोरचा मिंगेल विचारतो, कसली निशाणं ही?
मी सांगतो, शिंपीकाम.

आणि त्या पहिल्या रात्रीचं राहिलंच:
पुसून झालं, कूस बदलली,
बाबांनी हात मागे नेऊन
माझ्या मुठीतलं कापड चाचपलं.
बराच वेळ चाचपलं.
"धोतर माझं ना हे?"
होय, म्हटलं.
"कापड चांगलं होतं,"
म्हणाले, आणि झोपले.