उजवा पाय

आधी चहाच्या गाळणीतून.
मग जुन्या पंचाच्या दुहेरी घडीतून.
मग सौमित्रच्या जीन्समधून:
उजवा पाय, मांडीपासून कापलेला,
घोट्याशी सुतळीची गाठ.
बरक्याला आमच्या मागच्या अंगणात
कपड्यांच्या तारेवर तो लटकतो
आणि निळ्या पिंपात
थेंब थेंब गळतो.

डावा गुडघ्यावर फाटका,
म्हणून कपाटात राहिला.

तेल कुंजुमोनच्या कॅफेटेरियातलं.
समोसे, केळ्याची भजी, मध्यरात्रीचे पराठे.
रमजानात तर डब्यांची रांगच लागते दाराशी.
त्यात माझं, चकल्यांचं, अर्धा लिटर.
अच्युत वहीत तेही लिहितो:
तारीख, कुणाचं, किती, पाणी होतं का.

पाणी तव्यावर कळतं.
तवा तापवून एक थेंब टाकायचा.
तडतडला तर अजून थांबायचं.
नाही तडतडला, तर तो मान वर करून
माझ्याकडे बघतो,
उकड जमली की मी बघते तसा.

एकवीस वर्षं याने समुद्र गाळला.
मीठ मागे ठेवलं,
गोडं पाणी गावाच्या नळांना पाठवलं.
गेल्या मार्चमध्ये कंपनीने चाळण हलवली
आणि हा जाळीवर राहिला.
त्या रात्री जेवला नाही.
सकाळी म्हणाला, सौमित्रचे जुने कपडे कुठेत?
मला वाटलं, आठवण आली असेल.

उन्हाळ्यात सोपं.
पिंप गच्चीवर नेलं की जून फुकटात तापवतो,
गाळ आपसूक तळाशी जाऊन बसतो.
जानेवारीत मात्र तेल दाटतं, रुसतं,
दोन-दोन दिवस उतरत नाही.
तेव्हा हा शेजारी स्टूल टाकून बसतो.
हात लावत नाही.
पिळलं की घाण खाली येते, म्हणतो,
आपलं आपण उतरू द्यायचं.
पोराशीही असाच वागला असता तर...
जाऊ दे.

खमीस कुंपणावरून विचारतो,
इथे जमिनीला भोक पाडलं की तेल,
आणि तू भजी गाळत बसतोस?
खजुरांची परडी ठेवतो
आणि जाताना बागेतल्या पंपासाठी
दहा लिटर घेऊन जातो.

आमची गाडी एकोणनव्वदची.
सुरू होते डिझेलवर, तापली
की अच्युत खटका दाबतो,
आणि मागे तळणीचा वास सुटतो.
रुस्ताकच्या रस्त्यावर चौकीवाल्याने
कागद बघितले, परत दिले,
मग खिडकीत वाकून हळूच विचारलं,
जेवण कुठे ठेवलंय?
अच्युत खाली उतरला, त्याला मागे नेलं,
धुराची नळी दाखवली.
दोघं इतके हसले
की मागच्या ट्रकने हॉर्न दिला.

मी दवाखान्यात नोकरीला, म्हणून व्हिसा टिकला.
तोही ऑक्टोबरात संपतो.
गाडी खमीसला, पिंप खमीसला.
वहीसुद्धा मागून घेतली त्याने,
एक अक्षर वाचता येत नसताना.
आम्हाला माणशी तीस किलो.

काल सौमित्रचा फोन. बाबा काय करतायत?
म्हटलं, तुझा पाय धरून बसलेत.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग म्हणाला, कुठली, ती निळी?
ती मी किती शोधली.

डावा पाय मी बॅगेच्या तळाशी अंथरला.
गुडघा शिवायला सुई ओवली होती,
पण ठेवून दिली.

नव्या घरात आधी उजवा टाकतात.
आमचा इथे तारेवर.
मी दारातून हाक मारते, चला, उशीर होतोय,
आणि तो न वळता बोट वर करतो:
थांब.
अजून उतरतंय.