पौषाचा कडबा

पौषात लग्नं लागत नाहीत.
पंचांगाला ठाऊक, भटजीला ठाऊक,
बँडवाल्या सुभानलाही ठाऊक,
तो ट्रंपेट फडक्यात गुंडाळून वीटभट्टीवर जातो.
घोड्यांना ठाऊक नाही.
घोडे पहाटे पाचला खूर आपटतात
आणि उदगीरची थंडी त्यांच्या नाकपुड्यांतून
धुरासारखी निघते.

माणिकअप्पा बिरादाराचं बनीम
दिवाळीला घराएवढं होतं,
आता माझ्या छातीला लागतंय.
नवी ज्वारी अजून पोटरीत,
तिचा कडबा हाती यायला फाल्गुन उजाडणार.
"शेकडा तीन हजार," अप्पा म्हणतो,
माझ्याकडे न बघता, दात कोरत,
"घ्यायचा तर घे, म्हशीवाले येऊलालेत."

तीन जनावरं. रोज पंधरा पेंढ्या.
महिन्याचा आकडा बोटांवर आणला
आणि बोटं परत खिशात घातली.

केवळा मात्र काटा घेऊन आली,
भंगारवाल्या भावाचा, आकड्याचा.
पाच पेंढ्या लटकावल्या.
"अप्पा, मागल्या साली पाचुंदा दहा किलो भरला होता,
ह्यो सात. पेंढी तीच, कंबर बारीक."
अप्पाने दात कोरणं थांबवलं.
किलोवर सौदा तुटला, वर वर्ताळ्याच्या सहा.
मोजायची चाल मात्र त्याने सोडली नाही:
लाभ, दोन, तीन, चार...
एक म्हणायचं नसतं. पहिली पेंढी म्हणजे लाभ.
कोणाचा, ते त्याने सांगितलं नाही.

साखर नखरेल. पानं खाते, धांडे तुडवते.
केवळाने शाळेतली फाटकी व्हॉलीबॉलची जाळी मागून आणली,
दाभणाने तिची थैली शिवली, खुंटीला टांगली.
आता साखर एकेक काडी ओढून काढते,
ठेकेदाराकडून मजुरी काढावी तशी.
रोजची दीड पेंढी पायाखाली जायची राहिली.

नळेगाव रोडला भिजलेला, काळा पडलेला कडबा
फुकट नेता का म्हणून विचारत होते.
नको म्हणाली.
त्या फुकटाची किंमत आम्ही एकदा मोजलीय:
फुगलेलं पोट, रात्रभर घोडीला फिरवणं,
डॉक्टरचे बावीसशे,
आणि उजाडताना तिने लीद टाकली तेव्हा
आम्ही दोघं पोरगं झाल्यासारखं हसलो होतो.

राहिला हवालदार.
तेवीस वर्षांचा. कितीक नवरदेव त्याने मांडवापाशी उतरवले,
मग त्यांतल्या एकाचा पोरगाही.
आता बँजो सुरू झाला की त्याला झोप येते.
मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला नेला.
तिघांनी त्याचं तोंड उघडून दात पाहिले,
चौथ्याने माझे पाहिले.
परत आणला. टेम्पोचं जाण्या-येण्याचं भाडं
केवळाने वहीत पेंढ्यांमध्येच लिहिलं:
एकशे चाळीस.

दाढा गेल्यात. कडबा चघळतो
आणि गोळा करून खाली टाकतो.
म्हणून त्याला कुट्टी, तीही कोमट पाण्यात भिजवलेली,
वर मूठभर गव्हाचा कोंडा.
वहीत त्याच्या नावापुढे जमेची बाजू कोरी.
हे मी एकदा जेवताना बोललो, हळूच.
तिने माझ्या ताटात अजून एक भाकरी टाकली.
"पौषात तुमच्या नावापुढं तरी काय लिवलंय?"

रात्री जरीची झूल त्याच्या पाठीवर घालतो,
उलटी, अस्तर वर,
म्हणजे माघातल्या लग्नांना जर शाबूत राहील.
आत अंगाला जरी टोचत असेल.
तो काही बोलत नाही, हवालदार माणूस.

केवळा मोबाईलचा उजेड कमरेला खोचून येते.
साखर हिसके देते, शिंगरू खिंकाळतं.
ती आधी त्याच्या घमेल्याशी वाकते,
ओंजळीने कुट्टी टाकते, पुटपुटत मोजते.
मी पाण्याची बादली घेऊन मागे उभा.
पहिल्या ओंजळीला ती म्हणते,
लाभ.
मग दोन. मग तीन.