किल्ली

चर्चची किल्ली आमच्या स्वयंपाकघरात असते,
हिंगाच्या डबीच्या वर, खिळ्याला.
वीतभर लोखंड. हातात धरली की तळव्याला
जो वास लागतो तो साबणाने जात नाही.

तिकडे दारावर पाटी आहे:
‘किल्लीसाठी मिसेस उपळेकर, निळं फाटक.
जेवणाच्या वेळी येऊ नये.’
शेवटची ओळ मॉरीनची. तिच्यानंतर
नाव तेवढं बदललं,
ओळ मी राहू दिली.

लोक येतात. मे ते सप्टेंबर जास्त.
एक गृहस्थ फक्त बाप्तिस्म्याच्या कुंडांची मापं घेतात,
नॉर्फकमधली दोनशे चौदा झाली, म्हणाले,
आता गुडघे साथ देतील तोवर.
एक जोडपं फ्रान्सची खेडी पालथी घालून
बोटीतून उतरलं ते थेट इकडे,
बुटांना अजून तिकडचाच चिखल.
सगळे आधी माझ्याकडे बघतात,
मग किल्लीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.
मी सांगते, कुलूप उलटं फिरतं,
आणि दाराला गुडघा लावा.

आत गारगोटीच्या भिंतींचा गारवा,
वटवाघळांच्या लेंड्या, मेणाचा वास,
आणि लाकडी पडद्यावर बारा संत.
चेहरे खरवडलेले. कुणीतरी मन लावून, वेळ काढून,
डोळ्यांपासून सुरुवात करून खरवडलेत.
पावलं मात्र सोडली.
अनवाणी, बोटं थोडी फेंगडी,
खाली गवत, गवतात एक गोगलगाय
सहाशे वर्षं त्याच पात्यावर.
ती मला दाखवली एका रांगत्या पोराने.
आई माहितीपत्रक वाचत होती.

बाहेर आल्यावर सगळे एकच विचारतात:
पण गाव कुठंय?

गाव नाही. बिटाची शेतं, पलीकडे जव,
आणि मधोमध हा गोल मनोरा,
लग्नघरातून सगळे उठून गेल्यावर
एखादे आजोबा खुर्चीत विसरावेत तसा.
जूनमध्ये पाऊस ताणला की मात्र
जवात गल्ली उमटते, घरांचे चौकोन,
कुणाच्या तरी विहिरीचं हिरवं वर्तुळ.
लोक म्हणतात, प्लेगने गेलं.
मॉरीन म्हणायची, कसला प्लेग!
मेंढ्यांना जागा हवी होती.

माझे वडील तलाठी. पारनेरकडे.
त्यांच्या दप्तरात अशा गावापुढे
एकच शब्द असायचा: बेचिराग.
दिवा नसलेलं.
मी विचारलं होतं, मग तिथल्या मारुतीचं काय?
चष्मा पुसत म्हणाले,
कागदावर मारुती नसतो गं, शेतसारा असतो.

चर्चमध्ये वीज आलीच नाही.
वर्षाला चार प्रार्थना, त्याही दिवसाउजेडी.

गेल्या दिवाळीत, का कोण जाणे,
एक पणती घेऊन निघाले.
वात घरची, तेल सुपरमार्केटमधलं सूर्यफुलाचं.
फाटकापाशीच वाऱ्याने विझवली.
आत जाऊन पुन्हा लावली, खाली फरशीवर,
म्हटलं, उगाच आग नको.
उजेड पुरला तो पावलांपुरता.
बारा जोड्या. गोगलगाय.
मी बसले थोडा वेळ. मनात काही आलं नाही,
घरी चकलीचं पीठ झाकलंय की नाही, एवढंच.

सकाळी कॉलिनने ट्रॅक्टर थांबवला.
काल रात्री चर्चमध्ये उजेड होता का?
म्हटलं, होता.
तरीच, म्हणाला. बायकोला मी सांगत होतो.
आणि बिटाच्या भावाबद्दल बोलत राहिला.

मॉरीन आता वृद्धाश्रमात, माझं नाव विसरली.
गेले की हात धरून एवढंच विचारते:
पाकोळ्या आल्या का?
जाळीचं दार लावलंस ना? नाहीतर आत अडकतात,
काचेवर डोकी आपटून मरतात.

कॉलिन गेल्यावर मी वळून पाहिलं.
जाळी सताड उघडी होती.
पाकोळ्या केव्हाच आफ्रिकेला गेलेल्या.
तरी परत जाऊन
लावून आले.