उजवा रकाना

केमी गावात नोव्हेंबरात दुपारी तीनलाच अंधार पडतो.
हिल्का दिवा लावते आणि कागदावर लिहिते: किती?
पालिकेचे जेवणाचे डबे
किती घरांतून न उघडता परत येतात?
एक्केचाळीसपैकी तेरा.
हा सोपा प्रश्न. याला बोटं पुरतात,
हातांची दहा, पायांची तीन.

मग ती जिने चढते.
कागद गिरणीच्या कामगारांची जुनी इमारत,
लिफ्ट ऑगस्टपासून बंद.
कसं वाटतं, एकट्यानं जेवायला बसताना?
हा प्रश्न विचारून गप्प राहायचं असतं,
टेपवर फ्रिजची घरघर येऊ द्यायची असते.
ताइस्तो लांपेला, वय शहाऐंशी,
बावीस मिनिटं बोलतो.
बायकोबद्दल नाही, मुलाबद्दल नाही,
नदीतून वाहत येणाऱ्या ओंडक्यांबद्दल,
आणि डब्यातल्या बटाट्यांबद्दल:
"यांना मीठ ठाऊक नाही."
मीठ कुठल्या रकान्यात घालायचं
हिल्काला कळत नाही. ती समासात लिहिते.

बंद लिफ्टचा आणि बंद डब्यांचा काही संबंध?
आहे.
पण संबंध म्हणजे कारण नव्हे,
प्राध्यापक एइला दर गुरुवारी बजावतात,
कोंबडा आरवतो म्हणून उजाडत नाही.
इथे तर डिसेंबरात त्यानं घसा फोडला तरी
दहाशिवाय उजाडत नाही.

कारण हवंय? मग असं विचार:
रोज संध्याकाळी एक फोन केला
तर डबे उघडतील का?
अनुदान याच प्रश्नाला मिळालं.
डाव्या रकान्यात फोन, उजव्यात नाही.
संगणकानं चिठ्ठ्या काढल्या,
ताइस्तो उजवीकडे गेला.
संगणकाचं काही वाकडं नव्हतं त्याच्याशी.

सहा आठवडे.
डावीकडची एकवीस माणसं बोलतात, हिल्का मोजते.
उजवीकडची वीस काहीच करत नाहीत,
आणि त्या काहीच न करण्यावर
सगळं उत्तर तोललेलं.
चौथ्या आठवड्यात डबेवाली सांगते,
खालच्या मजल्यावरच्या आर्याला फोन येतो
हे म्हाताऱ्याला कळलंय.
साडेपाचला खुर्ची ओढून
फोनपाशी बसतो.

हिल्कानं नंबर दोनदा लावला,
दोन्ही वेळा शेवटचा आकडा दाबला नाही.

फरक पडतो, अहवालात आलं.
डावीकडचे बंद डबे निम्म्यावर.
प्रश्न सुटला, एइला म्हणाल्या, कॉफी पाजली.
दोरीची गाठ सुटते तसा,
की फलाटावरून गाडी सुटते तसा,
हे हिल्कानं विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी, साडेपाचला, सगळे आकडे दाबले.
अर्ध्या रिंगला उचलला.
"प्रश्नावली आहे का?"
"नाही."
फ्रिजची घरघर.
"मग?"