सांधणी

पहिला सीझन संपला तेव्हा
कॅप्टन अवनी यानाबाहेर होती,
हवा उरलेली अकरा मिनिटांची,
आणि दार आतून कुणीतरी लावलं.
पडदा काळा. नावं वर सरकत गेली.
त्याला आता चौदा महिने झाले.

साखर पेठेतल्या आमच्या गच्चीवर
ती अकरा मिनिटं अजून संपलेली नाहीत.

मे महिना. फरशीला पाठ लावली
की रात्री अकरालाही दुपार कळते.
तौफिक नदाफ म्हणतो, दार तिनंच लावलं,
म्हणजे पुढच्या वर्षीच्या तिनं.
काळ गोल फिरून आलाय, बघ बे.
त्याचं पंक्चरचं दुकान आहे;
गोल फिरून येणाऱ्या गोष्टींवर
त्याचा जुना विश्वास.

भाग्यश्री बारावीला. ती वहीत आकडे मांडते:
घाबरलेल्या माणसाला हवा जास्त लागते,
म्हणजे अकरा नव्हे, सातच.
बल्बखाली विड्या वळता वळता
शांतव्वा विचारते, आणि न घाबरलेल्या बाईला?
भाग्यश्री खोडते. पुन्हा मांडते.

माझा राग वेगळाच.
चौथ्या भागात, यानावर पाणी रेशनचं असताना,
ती शॉवरखाली उभी राहते,
पूर्ण एक गाणं होईपर्यंत.
तेव्हाच मी म्हटलं होतं,
लिहिणाऱ्याच्या नळाला रोज पाणी येतं.

नरसय्या काका बोलत नाहीत.
बत्तीस वर्षं त्यांनी सांधणी केली:
जुना भीम संपत आला की
मागे नवा भीम चढवायचा,
आणि संपणाऱ्या सुताच्या टोकाला
नव्या सुताचं टोक, एकेक,
दोन हजार चारशे वेळा,
चिमटीत राख घेऊन, मागाखाली बसून.
एक टोक चुकलं तर
अख्ख्या चादरीभर रेघ जाते.

त्या रात्री ते एकदम म्हणाले,
"टोकं मोजली काय रे कुणी?"
आणि पेरांवर मोजू लागले:
बागेतली ती मुलगी, जिचं नाव कुणी घेतलं नाही.
डॉक्टरच्या हातातलं बंद घड्याळ.
तिसऱ्या भागात भिंतीवर पडलेली जादा सावली.
कॅप्टनच्या आईचं न उघडलेलं पत्र.
आम्ही विसरलो होतो. चौघंही.
"दार कुणी लावलं ते सोडा.
त्या पत्राला गाठ पडली नाही
तर पुढचा सगळा माल सेकंड."

तौफिकनं हळूच सांगितलं,
ऐकतोय की दुसरा सीझन येणारच नाही.
पैसे नाहीत म्हणे. बंद केली.

काका हसले. म्हणजे
ओठ तेवढे हलले.
त्यांचा कारखाना बंद झाला त्या दिवशी
मागावर पाऊण चादर होती,
मोराची मान झाली होती, पिसारा राहिला होता.
भोंगा झाला, सगळे घरी गेले,
परवा सुरू होईल म्हणत.
मग नाक्यावर नऊ वर्षं
पुढं काय होणार याचे अंदाज:
नवा मालक, सरकार, सोसायटी,
एकदा तर कुणीतरी जपानी.
"अंदाज बरे असतात," काका म्हणाले,
"हात चालू राहतो."

शांतव्वानं विडीला दोरा बांधला, तोडला.
म्हणाली, मेली नाही ती.
कारखान्यात पान संपलं की
आम्हीसुद्धा दाराबाहेर थांबतो.
कुणी मेलंय का?

तौफिक काहीतरी बोलणार, एवढ्यात
खाली बोळात मोटार घरघरली.
पाचव्या दिवसाचं पाणी, पावणेतीनला.
घागरी, पाईप, पळापळ,
तौफिक एका चपलेवर जिना उतरला,
भाग्यश्रीची वही फरशीवर उघडी,
सात खोडलेलं, अकरा खोडलेलं.

काका उतरले नाहीत.
मी नळी लावून वर पाहिलं तर
कठड्यापाशी, अंधारात,
त्यांचा अंगठा आणि तर्जनी
कशाला तरी पीळ देत होती.

मी ओरडलो, "काका, पत्र आईचं म्हणालात,
की आईला लिहिलेलं?"
मोटारीच्या आवाजात
ऐकू गेलं नसावं.