रिकाम्या गाडीचं वजन

ऑक्टोबरभर मी गहू तोलते.
भरली गाडी काट्यावर चढते, मी आकडा लिहिते;
धान्य ओतून रिकामी परत येते, पुन्हा लिहिते.
मधली वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचे पैसे.
सस्कॅचेवानातल्या या एका खिडकीत बसून
एकोणीस वर्षं हीच वजाबाकी करतेय मी,
डोरीन पेट्रिशिन,
आणि गेली दोन वर्षं गव्हाचा एक दाणा
पोटात गेलेला नाही.

गॉर्डी ट्रकमधून ओरडतो,
"दारात चाळीस टन गहू, आणि तुझ्या डब्यात कोबी!"
कोबी, दोन उकडलेली अंडी, डुकराच्या मांसाचा तुकडा,
वर आंबट साय. हसू दे त्याला.
त्याच्या डॅशबोर्डवर डोनटचा खोका असतो.
त्या वासानं अजून जिभेखाली पाणी सुटतं,
हे मी त्याला सांगत नाही.

एकशे अठरावरून निघाले होते.
पहिले किलो असे झरझर गळले
की कपाटातल्या पँटी एकेक करून परक्या झाल्या.
साखरेच्या गोळ्या डॉक्टरीणबाईंनी निम्म्यावर आणल्या,
चर्चच्या तळघरात बायका कृती विचारू लागल्या.
मग चौऱ्याऐंशी पूर्णांक सहा.
पहिला आठवडा. तिसरा. सातवा.
चीज कमी केलं. बदाम मोजून खाल्ले.
संध्याकाळी रुळांच्या कडेनं चालले, वाऱ्याला डोकं लावून.
अकरावा आठवडा: चौऱ्याऐंशी पूर्णांक सहा.

सपाटी म्हणजे काय, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही.
जमीन चढत नाही, उतरत नाही;
पुढच्या गावची पाण्याची टाकी
अर्धा तास गाडी हाकली तरी तेवढीच लांब.
पोचतात माणसं, हेही खरं.

एका रात्री शेवटची गाडी गेल्यावर
बूट काढले, आणि नुसत्या मोज्यांनी
त्या लांबलचक लोखंडावर जाऊन उभी राहिले.
बाहेरच्या फलकावर लाल आकडा: ऐंशी.
मोठा काटा दहाच्या पटीत बोलतो,
किलो-दोन किलोचं दुःख त्याला ऐकूच येत नाही.
यानंच मला कधीकाळी एकशे वीस म्हटलं होतं.
थंडीनं की कशानं,
काट्यावर उभी असताना अंगावर काटा आला.

मंगळवारी तपासनीस आला रेजायनाहून,
प्रमाणित ठोकळ्यांची गाडी घेऊन.
ठोकळे ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले, कोपऱ्याकोपऱ्यावर.
मी कॉफी दिली, बिनसाखरेची, साय घालून.
"वर्षभरात जागचा हलला नाही," तो म्हणाला,
आणि काट्याला शिक्का मारला.
हलला नाही म्हणून शिक्का!
मी त्याच्याकडे बघतच राहिले.
त्याला वाटलं, मला पेन हवंय.

उतरताना टाळ्या असतात. थांबल्यावर कोण बघतं?
रात्री अकराला
लॉर्नच्या पावाच्या पिशवीची गाठ न सोडता
स्वयंपाकघरातून परत फिरणं,
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

रिकाम्या गाडीलाही वजन असतं.
चाकांना चिखल, टाकीत डिझेल, सीटखाली ड्रायव्हरचा कोट.
म्हणून आम्ही कालचा रिकामा आकडा
आज धरत नाही. रोज नव्यानं तोलतो,
आणि कमी-जास्त निघालं तर
गाडीला कुणी रागावत नाही.

काल मार्सीचा फोन. नाताळच्या आदल्या रात्रीचा कुट्या
यंदा मीच करायचा, आईची पद्धत मलाच येते म्हणे.
गहू रात्रभर भिजवायचा, मंद शिजवायचा,
मध, वाटलेली खसखस.
पहिला चमचा गेलेल्यांसाठी काढून ठेवायचा,
दुसरा घरच्या प्रत्येकानं खायचाच.
"तू काय करशील?" तिनं विचारलं,
आजारी माणसाला विचारावं तसं.

खाईन. एक चमचा.
किती ग्रॅमचा, ते बघणार नाही.
दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी,
आणि खिडकीबाहेर, बर्फात,
कुणाची तरी गाडी हॉर्न वाजवत उभी.